बिनबोलाची कॅसेट

कुवेतातल्या अहमदी गावच्या घरातनं निघालो त्या सकाळी डॉक्टरांनी दाराला कुलूप घातलं आन किल्ली शेजारच्या मिसरी, म्हंजे इजिप्तच्या, बाईच्या हातात दिली. झाडांना पाणी घाला, एवढंच म्हणले. परत येणार का, कवा येणार, हे त्यांनी सांगितलं न्हाई आन त्या बाईनं इचारलं न्हाई. इराकचं लष्कर ऑगस्टात शिरलं व्हतं, आता सप्टेंबर चालू व्हता. डॉक्टरांची गाडी राई नावाच्या भागातल्या गॅरेजात दुरुस्तीला टाकलेली, ती तिथनंच गायब झाली, म्हणून बसनं जायचं ठरलं. माणशी एक पिशवी. डॉक्टरांनी कागदपत्रं घेतली, बाईंनी, म्हंजे त्यांच्या बायकोनं, दागिने लेकीच्या, पिंकीच्या फ्रॉकच्या अस्तरात शिवले. मी दोन साड्या, वाटेत खायला खुबूस, म्हंजे तिथली रोटी, आन एक कॅसेट घेतली. कॅसेट रुमालात गुंडाळून पोलक्यात घातली. बाईंनी बघितलं. म्हणल्या, "मावशी, गाण्यांची आहे का?" म्हणलं, न्हाई, तिच्यात काईच न्हाई.

गावाकडं राहिलेल्या माझ्या बायांनो, आन माझ्यागत पोटापायी समुद्रापल्याड गेलेल्यांनो, तुम्हाला ही एका कॅसेटची गोष्ट सांगते. मी बोलते आन नात लिहून घेते. माझी शाळा दुसरीतच सुटली.

मालक वारले तवा शैला, माझी एकुलती लेक, नववीत व्हती. आमच्याच भागातले हे डॉक्टर आन डॉक्टरीणबाई, दोघं कुवेतला नोकरीला निघाले व्हते. त्यांना तान्ही पिंकी सांभाळायला घरचं माणूस पायजे व्हतं. सासू, आम्ही आत्याबाई म्हणतो, मला म्हणल्या, "पोट घेऊन जा, जीव हितं ठेव. पोरीला मी बघते." त्यांनी बघितली. पोरगी बारावी झाली, बीए झाली, आन पुण्यात सिनेमा शिकायला गेली. भावकी म्हणली, पोरगी नाचणार काय पडद्यावर? आत्याबाई म्हणल्या, नाचंल न्हाईतर नाचवील, तुमच्या दारात तर येत न्हाई ना.

तवा फोन महाग, आन मला लिहायला जमत न्हाई. म्हणून आम्ही कॅसेट भरायचो. आखातातल्या सगळ्याच बाया भरायच्या. कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हातात द्यायची. गावात आत्याबाई टेपाभोवती सगळ्यांना बसवायच्या. पहिली कॅसेट गेली तवा त्यांचं उलट उत्तर कॅसेटीतनंच आलं, की तुझ्यामागं कसली गिरणी चाललीया, निम्मं बोलणं पिठात पडतंय. ती गिरणी म्हंजे माझ्या खोलीतला एसी. मागच्या अंगाला माझी खोली, खिडकीत जुना एसी, लई घरघर करायचा. तवापास्नं कॅसेट भरायची म्हणलं की मी एसी बंद करायची, खिडकी लावायची, फटीत कापड कोंबायची. बाहेर अंगार असायचा. मानंवर ओला टॉवेल टाकून बोलायची, की मी बरी हाय, थंडगार खोलीत बसलीया, काळजी करू नगा. अशी सगळी वर्षं गेली.

नव्वदच्या उन्हाळ्यात शैलाची कॅसेट आली. शेवटच्या परीक्षेला तिला एक छोटी फिल्म करायची व्हती. आपल्या गावातल्या घराची. चित्र काढून झालं व्हतं: आत्याबाई घेवडा मोडतायत, चूल, माझी खुंटीवरची साडी, रिकामा पाट. पर तिच्यात गावचा आवाज घालायचा न्हाई म्हणली. चित्र हितलं, आवाज माझ्या कुवेतच्या खोलीचा. का, तर घरातनं जे माणूस गेलंय ते डोळ्याला दिसत न्हाई, कानाला तरी कळावं कुठं हाय. तिनं माझ्या जुन्या सगळ्या कॅसेटी बसून ऐकल्या. म्हणली, "आई, तुझा आवाज आहे, पण तू कुठे आहेस तेच त्यात नाही. रांजणात बसून बोलल्यासारखी वाटतेस." मंग सांगितलं, एसी चालू ठेव, खिडकी उघडी ठेव, आन एक कॅसेट भर. फक्त बोलू नको.

बायांनो, कॅसेट भरायची आन बोलायचं न्हाई, ही कुठली रीत? कॅसेटीचा इंचभर तुकडा आम्ही रिकामा सोडत नव्हतो. बोलणं संपलं तर म्हशींची चौकशी करायचो. मी टेप लावला आन बसले. जरा वेळानं जीव ऱ्हाईना, म्हणलं, "शैला, मी गप बसलीया हां." झालं, ती वाया गेली. दुसऱ्या खेपंला पिंकी आत आली आन म्हणली, "मावशी, व्हाय आर यू नॉट टॉकिंग? आर यू अँग्री?" तिला मराठी कळायचं, पर उत्तर इंग्रजीतनं. मी तोंडावर बोट ठेवलं. ते मात्र तसंच ऱ्हाऊ दिलं, कारण तेबी खोलीतलंच. एसीची घरघर, त्याच्या सुट्या जाळीचा खडखडाट, अजान, शेजारणीनं गालिचा झोडपलेला, आन त्या दिवशी तोझ सुटला, म्हंजे रेतीचा वारा, ती रेती काचंवर सरसर वाजलेली. सगळं आलं. ऑगस्टात एक नर्सबाई सुट्टीवर निघणार व्हती, तिच्यासंगं द्यायची ठरली. ती निघायच्या आधीच लष्कर आलं.

मंग जे झालं ते तुम्ही बातम्यांत ऐकलंय. आम्ही खुबूससाठी रांगंत उभं ऱ्हायलो. डॉक्टर शेवटपातुर हॉस्पिटलात जात व्हते. मला एकच टोचत व्हतं. शैलाची फिल्म मुकी पडली व्हती. आवाज न्हाई गेला तर ती पास कशी व्हनार, आन एवढी वर्षं मी घर सोडून ऱ्हायले ती कशापाय?

बस बसऱ्याकडं निघाली. वाटंत लष्कराच्या एका नाक्यावर सगळ्यांना उतरवलं. पिकल्या मिशांचा एक शिपाई पिशव्या उपसत व्हता. बायांची झडती घेणारी बाई निराळी व्हती, तिनं पोलक्यातनं कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. डॉक्टरांच्या पिशवीतबी गाण्याच्या कॅसेटी व्हत्या. शिपायानं ड्रायव्हरच्या टेपात एक एक लावून बघितली. गाणी वाजली, त्यानं मान डोलवली आन परत दिल्या. माझी लावली. घर्रर्र. पुढं पळवली, घर्रर्र. त्यानं कपाळाला आठी घातली. काय हाय हे, म्हणून इचारलं. डॉक्टरांनी मोडक्या अरबीत सांगितलं, खोली हाय. शिपाई म्हणला, खोली कोण भरतं?

त्याचंबी बरोबर व्हतं. कुणी भरत न्हाई. एखादं गाणं असतं तर सुटली असती, मुकी म्हणून संशयात पडली. मी पुढं झाले. मराठीतच म्हणले, "बाबा, माझ्या लेकीच्या परीक्षेची हाय ती." त्यानं माझ्याकडं बघितलं, कॅसेट खिशात घातली आन पुढच्या माणसाला बोलावलं. बाईंनी माझा दंड धरून मला बसमध्ये वढलं.

मी रडले न्हाई. रडून काय गावतं? पर आम्ही शिकलो नसलो तरी जात्यावरच्या ओव्या पाठ केलेल्या बाया. डोळे मिटले आन ती खोली पाठ करायला घेतली. बगदादपातुर तेच, पुढं जॉर्डनच्या सरहद्दीवर रेतीत तंबू टाकून पडलो, तिथंबी तेच. आदी घरघर, मंग जाळी, मंग काच. तंबूत पाणी आलं की लोक धावायचे, पिंकीला ताप भरला, तिला मांडीवर घेऊन मी तेच मनात घोळवत व्हते. अम्मानवरनं इमान मिळालं तवा पिंकी म्हणली, "मावशी, यू आर हमिंग." मी एसी गुणगुणत व्हते.

मुंबईला शैला न्यायला आली व्हती. कॅसेटीचं नाव तिनं काढलं न्हाई. मीच सांगितलं, गेली म्हणून. ती म्हणली, "जाऊ दे, तू आलीस ना." आन पाठ फिरवून पाणी आणायला गेली. पाणी आणायला लई वेळ लागला तिला.

गावी जाऊन आत्याबाईंच्या पाया पडले, आन पुढं पुण्याला शैलाच्या खोलीवर गेले. तिला म्हणलं, मी सांगते, तू भर. तिच्या सरांनी आदी मान हलवली, म्हणले खोटा आवाज कळतो. शैला म्हणली, "सर, तिथलं चित्र माझ्याकडे नाही, आता आवाजही नाही. आईच्या कानात आहे, तेवढंच आहे." सर म्हणले, करून बघ, ऐकून ठरवू.

मंग आमचा उद्योग सुरू झाला. त्यांच्या आवाजाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळागत. एसी त्यांच्याकडं व्हता. लावला. मी म्हणलं, हा पगारी माणसाचा एसी हाय, माझा दमलेला व्हता. शैला हसली. जाळीचे स्क्रू ढिले केले, आत चमचा अडकवला. जवळ आला, पर अजून उजेडातला वाटत व्हता, माझ्या बारक्या खोलीतला न्हाई. मंग तिनं काय केलं, तो आवाज भरला, तो पत्र्याच्या ट्रंकंत वाजवला, आन ट्रंकंतनं परत भरला. तवा माझ्या अंगावर काटा आला. हे डोकं माझं न्हाई, तिचं. मला नुसतं कळायचं, हां, हे, आन हे न्हाई.

रेतीचं लई जड गेलं. काचंवर रवा टाकला तर पाऊस पडल्यागत मऊ. मोहरी टाकली तर गारा. बाजरी न्हाई, खसखस न्हाई. शेवटी उपासाचा राजगिरा आणला. शैला काच तिरकी धरायची, मी सुपातनं हळू सोडायची. बरोबर सरसर. सर दारात उभे ऱ्हाऊन ऐकत व्हते. म्हणले, "मावशी, अख्खं वाळवंट सुपात आणलंत की." मी म्हणलं, सांडलेलं गोळा करा, लाडू व्हत्याल. अजान मात्र खोटी करायची न्हाई असं शैलाचं ठाम. एका मशिदीत जाऊन मौलवींना इचारून लांबनं भरली. पिंकी कराडला आजोळी व्हती, तिला बोलावून तेच वाक्य बोलायला लावलं. तवर तिला "रागावलीस का" म्हणता यायला लागलं व्हतं, इंग्रजी बोल म्हणून लाडीगोडी करावी लागली.

एका गोष्टीवरनं आमचं वाजलं. मला शेवटाला बोलायचं व्हतं. मी बरी हाय, काळजी करू नगा, एवढंच. शैला न्हाईच म्हणली. मी म्हणलं, अगं मंग लोकांस्नी कळणार कसं, आई हाय का मेली?  मंग म्हणली, "आई, तू बोलायच्या आधी काय करायचीस, ते सांग." तवा मी तिला टॉवेलाचं सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगण्याजोगं वाटलं नव्हतं. तिनं यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी तिनं फिल्मचा शेवट बदलला.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्याच्या तोंडाला फिल्म दाखवली. तिकडं लढाई सरली व्हती, तेलाच्या विहिरी जळत व्हत्या. आत्याबाई एसटीनं आल्या, नवं लुगडं नेसून, माझ्या शेजारी बसल्या. अंधार झाला. पडद्यावर आमचं घर, आत्याबाई घेवडा मोडतायत, आन आवाज माझ्या खोलीचा. घरघर, जाळी, रेती. खुंटीवरची साडी दिसली तवा पिंकीचं इंग्रजी आलं. लोक आदी चुळबुळले, मंग गप झाले. शेवटाला रिकामा पाट दिसला आन कट् करून एसी बंद झाला. काईच आवाज न्हाई. बाई श्वास घेते तेवढा. माझा श्वास. मंग आमच्या घरातला घेवडा मोडल्याचा आवाज आला, पहिल्यांदा, आन फिल्म संपली.

आत्याबाईंना थेटरात हळू बोलायची सवय नव्हती. मोठ्यानं म्हणल्या, "तिथं लई उकडत असंल गं."

सगळ्यांनी वळून बघितलं. मी एवढ्या वर्षांत एकदाबी म्हणले नव्हते की उकडतंय. कुठल्याच चित्रात ते नव्हतं. नुसत्या आवाजानं त्या म्हातारीला घाम कळला. शैलाचे सर उठून तिच्यापाशी गेले आन तिच्या खांद्यावर हात ठेवला. पडद्यावर नावं आली, त्यात माझं व्हतं. मी एक एक अक्षर लावून वाचलं. माझ्या पोरीचं त्याच्यावर व्हतं, मोठं. ती पास झाली, पयली आली. भावकीला आत्याबाईंनी सांगितलं, पोरगी नाचली न्हाई, तिनं सगळ्यांना गप बसवलं.

त्याच साली पुढं डॉक्टरांच्या मागं मी परत कुवेतला गेले. आभाळ काळं व्हतं, भिंतींवर काजळी. मिसरी बाईनं किल्ली दिली. अजून बरीच वर्षं तिथं काढली. आता आत्याबाई न्हाईत. मी पुण्यात शैलाकडं ऱ्हाते. ती दुसऱ्यांच्या फिल्मांचे आवाज करून देते, आन तिच्या हाताखाली पोरं शिकत्यात.

घर कुठलं, असं नात इचारते. मला एक जागा सांगता येत न्हाई. पिंकी आता कॅनडात असते, दोन लेकरं हायत तिला. परवा फोन आला, तर मागं पोरं भांडत व्हती, भांड्यांचं यंत्र चालू, कुणीतरी दार आपटलं. ती म्हणली, "सॉरी मावशी, खूप आवाज येतोय, मी आत जाऊन दार लावते."

मी म्हणलं, लावू नगंस. तुझं घर ऐकू दे की मला.