तुराट्यांच्या खोपीतली येळवस

“रान वाळलं तर वाळू दे, ताट हिरवं पाहिजे,” असं नागुबाई उठता-बसता म्हणायची. देवणीजवळच्या एका वाडीत ती बालवाडीचा स्वयंपाक करायची. लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं तोंड फिरवलं. विहिरी तळाला गेल्या. पण बालवाडीमागचा शेवगा पोरांच्या हात धुतल्या पाण्यावर तग धरून होता.

गौरम्माला त्या शेवग्याचं काही कौतुक नव्हतं. तिला घोर होता बालवाडीत जाणाऱ्या नातीचा. दिवस मावळला की चिमुरडी सिंधु भिंत चाचपत चालायची, उंबऱ्याला अडखळायची. देवणीच्या डॉक्टरांनी औषध पाजलं आणि बजावलं, “रोज पालेभाजी पोटात गेली नाही, तर नजर जाईल.” पण भाजी दिसली की सिंधुचे ओठ घट्ट मिटायचे. गौरम्मानं गूळ दाखवला, रागे भरली, एकदा हातही उगारला. तोंड उघडलं नाही ते नाहीच.

“येळवशीला हीच पोर भज्जी चाटून-पुसून खाती बघ,” ती नागुबाईपाशी कुरकुरली.

नागुबाईच्या हातातलं सूप थांबलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात खोप करायची, साऱ्या भाज्यांची एकच भज्जी शिजवायची आणि दिसेल त्याला जेवायला बोलवायचं. त्या दिवशी ‘खा’ म्हणून कुणी कुणाला दटावत नाही. जो तो ‘या’ म्हणतो.

दुसऱ्या दिवशी शेवग्याखाली तुराट्यांची, तुरीच्या वाळल्या काड्यांची, बुटकी खोप उभी राहिली. भज्जीत शेवग्याचा पाला मुठीनं पडला.

“सिंधुबाई, आज रान तुमचं. पाहुणे बोलवा.”

सिंधु लाजली, मग हाका मारत सुटली. पोरं मांडी घालून बसली, तशी नागुबाई म्हणाली, “थांबा! मालकिणीनं चव बघितल्याबिगर पाहुणा घास उचलत न्हाई.”

सगळे सिंधुकडं बघायला लागले. तिनं बोट बुडवलं, चाखलं आणि ती जाणत्या बाईसारखं म्हणाली, “मीठ कमी हाय.”

कुडाआडून बघणाऱ्या गौरम्माला हसू फुटलं, तरी तिनं टोमणा मारलाच. “येळवस वर्षाची असती गं, रोजची न्हाई! देव काय म्हणंल?”

“देव रोजच जेवतो की, काकू.”

तेव्हापासून खोपीला रोज नवा मालक. आपली पाळी नसली की सिंधु पाहुणी व्हायची, आणि पाहुण्यानं ताटात टाकायचं नसतं.

थंडी पडल्यावर एका तिन्हीसांजेला नागुबाई गौरम्माच्या ओसरीवर पाल्याची जुडी ठेवून निघाली. अंधारून आलं होतं.

“गेली का गं?” गौरम्मानं विचारलं.

“न्हाई अव्वा, लिंबापाशी हाय. पदर खोचायलीय... आता वळली.”

उंबऱ्यात उभी राहून सिंधु पाठमोऱ्या नागुबाईला बघत होती. गौरम्मा बघत होती सिंधुच्या डोळ्यांकडं.