कंपायलर गप्प होता

ऑफिसात तिला सगळे गाळणी म्हणत. जुन्या प्रोग्राममधलं निरुपयोगी ते शोधून काढून टाकायचं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चालवण्याआधी तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर, तिची भारी भिस्त. कुठल्या फंक्शनला, म्हणजे एकच काम करणाऱ्या नाव दिलेल्या तुकड्याला, काय द्यायचं, त्यातून काय परत येणार, हे तो आधीच तपासतो. तो गप्प बसला की सगळं ठीक, असं ती छातीठोकपणे सांगे.

तिची धाकटी नणंद शेजारच्याच टेबलावर बसून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे प्रोग्राम लिहायची. त्यात गाळणीला एक फंक्शन दिसलं. रिपोर्ट धोक्याचा आला तर डॉक्टरांना ताबडतोब निरोप धाडणारं. नाव करड्या अक्षरांत, म्हणजे कुणी वापरत नाही. तिने ते उडवलं. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. वर घरी जेवताना सासूबाईंना म्हणाली, "तुमच्या लेकीचा पसारा मी ऑफिसातही आवरते हो." सासूबाई हसल्या. नणंदेने आपलं ताट उचललं.

त्याच आठवड्यात एका पेशंटचा रिपोर्ट वाईट आला आणि निरोप गेलाच नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी आपणहून डॉक्टरांना फोन केला म्हणून निभावलं. साहेबांनी नणंदेला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तिने प्रोग्राम उघडला, एकदा वहिनीकडे बघितलं आणि साहेबांना एवढंच म्हणाली की दुपारपर्यंत नीट करून देते.

साहेब आत गेल्यावर गाळणी नणंदेजवळ सरकली.

"अगं, पण कुणी वापरतच नव्हतं ना ते?"

"वापरत होतं, वहिनी. पण नुसत्या नावाने. कुठल्या तपासणीला कुठलं फंक्शन, ते मी सेटिंगमध्ये लिहून ठेवलंय. प्रोग्राम चालू झाला की त्या नावाचं फंक्शन स्वतःतच शोधतो. रिफ्लेक्शन म्हणतात त्याला. कंपायलरला ती साधी अक्षरं. त्यामागे कोण आहे, त्याला काय पत्ता?"

नावाऐवजी फंक्शनचा रेफरन्स दिला असता, म्हणजे न चालवता फंक्शनच दुसऱ्याच्या हवाली केलं असतं, तर ते उडवताक्षणी कंपायलर अडून बसला असता, हेही तिने सांगितलं. तेवढी चूक आपली, म्हणाली. मग हळूच, "मला एक हाक मारायची होती. हाताच्या अंतरावर तर बसते मी."

गाळणीचे कान तापले. ती उठली, साहेबांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की फंक्शन आपण उडवलं, न विचारता. साहेबांनी फार काही सुनावलं नाही. प्रयोगशाळेला फोन तुम्हीच करा, म्हणाले.

तिकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता जाईल ना निरोप? का मी आपली फोन करत राहू?"

नणंदेने दुरुस्ती करून दिली होती. कंपायलरनेही ती पास केली होती.

"करत राहा, बाई," गाळणी म्हणाली. "धोक्याचा रिपोर्ट मुद्दाम घालून, निरोप पोचलेला मी डोळ्यांनी बघते. तोवर करत राहा."