गोणपाटातल्या गोकर्णीच्या बिया

मी मूळचीच भित्री. डॉक्टरांचा रिपोर्ट असो की मुलीनं न उचललेला फोन, माझ्या मनात आधी वाईटच येतं. पण दहा बियांनी माझी झोप उडवावी, असं काही आजवर झालं नव्हतं.

बिया गोकर्णीच्या होत्या, आईच्या हातच्या. अकोल्याला भावाच्या घराच्या कुंपणावर तिचा दुहेरी पाकळ्यांच्या निळ्या फुलांचा वेल होता. ती गेली, अंगणात फरशी बसली आणि वेलही गेला. सात वर्षांनी, या मे महिन्यात, अमरावतीला माझं कपाट आवरताना तिनं कधीतरी दिलेली डबी सापडली. आत राख आणि राखेत दहा बिया. बाबा भावाकडे असतात. मी हौसेनं त्यांना फोन केला आणि लगेच पस्तावले.

"उगवते काय थे?" त्यांचा आवाजच बदलला. "गोणपाटात टाक. उगवली तं मी येतो पाहाले."

बाबांचं आयुष्य भातकुलीकडच्या शेतात गेलं. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर रांगांनी मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उघडून मोड मोजायचे. अर्धं गाव आपापलं गोणपाट बाबांच्या हातून उघडून घ्यायचं. सोयाबीनची साल इतकी नाजूक, की पोतं आपटलं तरी बी मरतं. त्यामुळे आमच्या घरी बियाण्याला तान्ह्या लेकरासारखं जपत. मीही त्या बियांवरची राख हलकेच फुंकली आणि दहाच्या दहा गोणपाटावर ठेवल्या. अर्ध्या मागे ठेवायची अक्कल सुचली नाही.

सुचली ती नंतर, आणि मग धास्तीनं माझा पिच्छाच धरला. ती डबी सात उन्हाळे स्लॅबखाली तापत होती. आमच्याकडच्या उन्हात माणसं करपतात, तिथे बीचं काय राहणार? डबीत होत्या तोवर त्या जिवंत आहेत असं निदान मानता तरी येत होतं. कशाला उघडली मी ती डबी! बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे. "काई दिसलं?" मी म्हणायची, "सहा दिवस उघडायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना?"

सहाव्या दिवशी उघडलं. दहाही बिया जशा ठेवल्या तशाच. एकीलाही मोड नव्हता. नेमका तेव्हाच फोन वाजला.

"किती निघाले?"

"चार," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"चार!" ते जवळजवळ ओरडलेच. "उद्याच येतो."

तो दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. नर्सरीतून साध्या गोकर्णीची रोपं आणून खपवावीत, असाही विचार येऊन गेला. स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाबा एसटीनं आले, पाणीही न घेता म्हणाले, "दाखव."

मी गोणपाट पुढे ठेवलं. "खोटं बोलले मी, बाबा. एकही नाही निघालं."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी एक बी उचलून नखानं दाबली, पुन्हा दाबली.

"हे सडलं काहून नाई?" ते स्वतःशीच म्हणाले. "मेलेलं बी इतक्या दिवसात मऊ पडते. हे तं खड्यावानी हाय. साल टणक हाय, पानीच नाई पेलं यानं." त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. "तुही माय ओट्यावर घासे. मी दरसाली बोलो तिले, बियानं असं घासतेत काय? थे हासे अन् घासतच राहे."

मागच्या खरबरीत पायरीवर त्यांनी एकेक बी घासली. प्रत्येक खरखरीला मला वाटे, आता फुटलीच. रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बिया पुन्हा गोणपाटात गेल्या.

बाबा राहिले. पण आता ते काही विचारेनात. त्या गुंडाळीजवळून जाताना मान वळवून घ्यायचे. चौथ्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "बाबा, उघडा."

त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "तूच पाहाय. माह्यानं नाई होत."

अर्ध्या गावाची गोणपाटं उघडणारा माणूस पाठ करून बसला होता. माझ्याहून ते जास्त घाबरलेत, हे तेव्हा कळलं आणि मला आणखीच भीती वाटली. मी गुंडाळी सोडली. बिया फुगल्या होत्या. दोघींना पांढरे मोड आले होते.

"बाबा, दोन निघाल्या."

ते वळले नाहीत. "खरं सांगून राह्यली का?"

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी गोणपाट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोट धरून ओल्या मोडाकडे नेलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"हळू," ते म्हणाले. "मोडन थे."