निवळलेलं पाणी

माझ्या घरात एक मासा आहे आणि त्याला जेवायची रीत म्हणून नाही. पफर जातीचा, बोटभर लांबीचा, चिडला की फुगणारा. इथल्या सुपरमार्केटात मोसेलन मिळतात, म्हणजे काळे शिंपले. त्यातल्या मांसाचा तुकडा दिला की हे साहेब त्यावर तुटून पडणार, अर्धा भुगा कल्ल्यांतून मागे सोडणार, उरलेला थुंकणार आणि लगेच काचेशी येऊन पुन्हा मागणार. लग्नाच्या पंगतीत ताट भरभरून घेऊन अर्धं टाकून उठणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. हा त्यांच्यातलाच.

तरी तो मेला असता तर मला झेपलं नसतं, हेही सांगून टाकते. नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहरातल्या त्या ऐसपैस घरात मी एकटी राहते. संध्याकाळी ट्रेनमधून उतरून, सायकल लावून दार उघडलं की मला बघून हलणारा तेवढा एकच जीव आहे. खाण्यासाठी हलतो, माहीत आहे मला. पण हलतो.

टाकी शंभर लिटरची. समुद्राच्या पाण्याची टाकी जितकी लहान तितकी लवकर नासते, हे मला दुकानदारानं आधीच सांगितलं होतं, तेही खास डच पद्धतीनं, तोंडावर. "याचं उष्टं रोज काढणार नसाल तर हा मासा नेऊ नका." मी नाक मुरडलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. मला एक दुकानदार शिकवणार? मग मी इंटरनेटवरच्या हौशी मंडळींचं ऐकलं. त्या मंडळींना पाण्यात हात घालायचा सोडून सगळं करायचं असतं. फेस काढणारं यंत्र आणलं, लाटा करणारा पंप आणला, आणि तापमान व खारटपणा मोजून मोबाइलवर कळवणारं एक उपकरण आणलं. सगळं ठीक असलं की ॲपवर हिरवी खूण येते. मी ट्रेनमध्ये बसून ती हिरवी खूण बघायचे आणि मासा पाळला असं समजायचे.

त्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांसाठी आले. बाबा आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते, जलशुद्धीकरण केंद्रावर. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन हुंगलं.

"क्लोरिनचा वासच नाही गं," ते म्हणाले. मग टाकीवरचं झाकण उचलून तेही हुंगलं. "याला मात्र आहे. खाली कुजतंय काहीतरी."

"बाबा, समुद्राला वास असतोच. आणि हे बघा, सगळं हिरवं आहे." मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "हे यंत्र वास घेतं का?"

मी हसले. कसं हसले ते मला आजही आठवतं, आणि बरं वाटत नाही. त्यानंतर बाबा रोज एकदा म्हणायचे, "एक नळी दे मला, त्याचं जेवण झालं की दहा मिनिटांत उष्टं ओढून घेतो." आणि मी रोज म्हणायचे की बाबा, तुम्ही इथं आराम करायला आला आहात. आराम म्हणजे काय, तर खिडकीशी बसून समोरच्या कालव्यातली बदकं बघणं. उभ्या आयुष्यात न बसलेल्या माणसाला मी तीन महिने बसवून ठेवायला निघाले होते.

मग एका रविवारी मी ऑफिसातल्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. पाच-सहा जण, सगळे पुण्याकडचे. घर दाखवायचं होतं, आणि त्याहून जास्त मासा. आणि नेमकं त्या सकाळी पाणी गढूळ. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. टाकीभर कुजक्या मोसेलनचा तो प्रताप होता, पण मी आधी ॲप बघितलं. हिरवं. पाणी बदलायचं तर मीठ मोजून कालवायचं, ते विरघळायची वाट बघायची, बादल्या ओतायच्या. वरण, मसालेभात, बटाट्याची भाजी व्हायची होती.

बाबा फिरायला गेले होते. बाथरूममध्ये त्यांचा दाढीचा तुरटीचा खडा होता. आमच्याकडे गढूळ पाणी आलं की आई हंड्यात तुरटी फिरवायची आणि तासाभरात तळ दिसायचा. कुठल्याही टेस्टरला विचारा, नवीन काही घालायच्या आधी ते वेगळं तपासून बघतात. मी तो खडा घेतला आणि सरळ टाकीत फिरवला. हंड्यात फिरवतात तसाच, पण जास्त वेळ. टाकी मोठी ना!

पाणी निवळलं. काय सुंदर निवळलं! पाहुणे आले आणि टाकीसमोरून हलेनात. "वॉव, इतकं क्रिस्टल क्लिअर? मेन्टेनन्सला वेळ कसा काढतेस?" एकीनं विचारलं.

"सगळं ऑटोमेटेड आहे," मी म्हणाले.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. कुणीतरी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही काय करायचात?" त्यांनी तोंड उघडायच्या आत मी भाताची वाटी हातात घेऊन म्हणाले, "बाबा वॉटर इंजिनियर होते."

बाबा इंजिनियर नव्हते. केंद्रावर गढूळ पाण्यात तुरटी सोडली की गाळ तळाशी बसायचा. मग हौद रिकामा करून त्यात उतरायचं, गुडघाभर चिखलात उभं राहायचं आणि घमेल्यानं तो बाहेर काढायचा, हे बाबांचं काम. तीस वर्षं. बाबा माझ्याकडे बघून किंचित हसले आणि पापडाचा तुकडा मोडला.

मग मी खेळ दाखवावा तसा चिमट्यात मोसेलनचा तुकडा धरून पाण्यात सोडला. मासा आला नाही. तो मागच्या कोपऱ्यात वाळूला टेकून बसला होता आणि त्याचे कल्ले भराभर उघडमीट करत होते. "डाएटवर दिसतोय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले.

पाहुणे चारला गेले. बाबा उठले, टाकीपाशी वाकले. वाळूवर पांढरट साय धरल्यासारखा थर होता.

"किती वेळ फिरवलीस?"

बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "बादल्या आण."

दोन तास आम्ही तेच केलं. मी मीठ मोजून कालवलं, पाणी कोमट केलं. माशाला बादलीत काढलं, त्यात हवेचा पंप सोडला. बाबांनी बागेतल्या नळीचा तुकडा कापला, तोंडानं ओढून पाणी सुरू केलं आणि वाळूवरचा थर इंच इंच करून काढत राहिले. खाली काय काय निघालं! महिन्याभराचं उष्टं, काळं पडलेलं. वास असा सुटला की मी खिडक्या उघडल्या. बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी असा प्रसन्न पाहिला नव्हता.

"तुरटीनं घाण जात नाही गं," ते नळीवरची नजर न काढता म्हणाले. "खाली बसते फक्त. ती काढायला माणूस लागतो." मग थोड्या वेळानं, साध्या आवाजात, "सांगायचं होतंस त्यांना, गाळ काढायचे म्हणून. मला काही लाज नाही त्याची."

मला होती. हे त्यांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे. माझ्या हातातली बादली मी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माशानं मोसेलनचा तुकडा घेतला, चावला, अर्धा थुंकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, कॅमेरा चालू होता. मागे नळी घेऊन वाकलेले बाबा सगळ्यांना दिसत होते.

"ते इंजिनियर काका ना? काय करतायत?" आदल्या दिवशी जेवायला आलेल्या एकीनं विचारलं.

"इंजिनियर नाहीत," मी म्हणाले. "गाळ काढतायत. तेच काम होतं त्यांचं."

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. नळीचं टोक मात्र क्षणभर वाळूवर थांबलं, आणि मग पुढे सरकलं.