दसऱ्याला घेतलेला मदरबोर्ड

“परबा, नवीन घेऊ की जुना? एक काय ते सांग. उगाच डोकं नको खाऊ.”

सावंत चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आपल्या गाळ्यात स्टुलावर बसला होता. समोर कॉम्प्युटर उघडा पडलेला. मी टॉर्च मारून आत बघत होतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून वर आले होते. बोर्ड मेला होता, त्यात वादच नव्हता.

मी कॉम्प्युटर रिपेअर करतो. घरचे लॅपटॉप घेत नाही, फार कटकट असते. कारखान्यांतली मशीनं ज्या कॉम्प्युटरवर चालतात, ते बघतो. सावंतचं मशीन म्हणजे लाकडावर नक्षी कोरणारं सीएनसी. त्यावर तो आणि वहिनी दोघंच देव्हारे बनवायचे. जाळी मशीन कोरणार, घासकाम आणि पॉलिश वहिनी करणार. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या आणि मशीन बंद. मशीन गेलं तर गाळा गेला, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. (नावं बदललीत. का ते पुढे कळेल.)

आता थोडं समजावून सांगतो. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं सामान ज्या पाटीवर बसतं ती. तिच्यावर लांबट खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. त्यात कार्ड खोचायचं. सावंतच्या मशीनचं सगळं डोकं अशाच एका पंज्याएवढ्या कार्डात होतं. मोटर किती फिरवायची, कुठे थांबवायची, ते कार्ड ठरवणार. कार्ड जुनं, पीसीआय स्लॉटचं. हल्लीच्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेस येतो. नाव सारखं, पण खाच वेगळी. जुनं कार्ड त्यात शिरतच नाही. आणि हे कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

“जुना बोर्ड मिळेल,” मी म्हटलं, “पण सेकंडहँड. तोही आज ना उद्या असाच फुगणार.”

“मग नवीन घे.”

“नवीन घेतला तर कार्ड कुठे लावू? तुझ्या डोक्यावर?”

“मेल्या, इंजिनीअर तू की मी?”

पॉलिशचा बोळा खाली ठेवून वहिनी म्हणाल्या, “भावजी, दिवाळीच्या आधी होईल ना पण?”

“तू गप गं! तुला काय कळतं त्यातलं?” सावंत खेकसला. त्याची ती सवयच. जगात कुठेही काही बिघडलं की हा पहिला बायकोवर घसरणार.

मी तिसरा रस्ता सांगितला. कारखान्यांसाठी काही बोर्ड अजून असे बनतात, की ज्यांवर नवे स्लॉट असतात आणि कोपऱ्यात एक जुना पीसीआयही असतो. महाग पडतात. पण आज जुनं कार्ड चालतं, आणि पुढे ऐपत झाली की नव्या स्लॉटवर नवी सिस्टिम बसवता येते.

निघताना कार्ड काढलं, पिशवीत घातलं आणि वहिनींच्या हातात दिलं. “वहिनी, हे जपून ठेवा हां. बाकी सगळं बाजारात मिळेल, हे नाही मिळणार.”

मग सुरू झाले फोन. सकाळी ‘जुनाच बघ’, संध्याकाळी ‘नवीनच आण’. माझं टाळकं फिरलं. “सावंता, मशीन तुझं की माझं? ठरव आणि मगच फोन कर,” म्हणून मी फोन ठेवून दिला. शेवटी ठरलं, दोन्ही स्लॉटवाला नवीन घ्यायचा. पण त्यातही मेख निघालीच.

“एवढा महागाचा घ्यायचा तर दसऱ्याला घेऊ. मुहूर्तावर.”

दसऱ्याला अवजारांची पूजा, त्या दिवशी कोणी मशीनला हात लावत नाही. म्हणजे बोर्ड दसऱ्याला आणायचा आणि दुसऱ्या दिवशी बसवायचा. दिवाळी जवळ येत होती, पण मुहूर्तापुढे माझं कोण ऐकतो?

दुसऱ्या दिवशी गेलो. दाराला झेंडूचं तोरण, मशीनला हार. बोर्ड बसवला, जुनी विंडोज टाकली. सगळं झकास. सावंत खुशीत चहा सांगायला खाली गेला. मी कॉम्प्युटर बंद केला, वहिनींकडून कार्ड घेतलं, खोचलं आणि पुन्हा चालू केला.

स्क्रीनवर कार्डाचं नावच येईना.

काढून परत लावलं. नाहीच. अशा वेळी आम्ही कार्डाच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतो, त्याने मळ निघतो. फिरवला तर रबर लाल झाला. मी भिंग काढलं. चिपच्या बारीक पायांमध्ये कुंकू जाऊन बसलेलं, वर हळद, आणि एका कोपऱ्यात चिकटलेला तांदळाचा दाणा.

“वहिनी, हे ठेवलं कुठे होतं?”

“देव्हाऱ्यात. तुम्हीच म्हणालात ना, जपून ठेवा? घरात त्याच्यापेक्षा जपणुकीची जागा कुठली? काल अवजारांबरोबर त्याचीपण पूजा केली. त्याच्यावरच तर पोट आमचं. जरासं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. सकाळी रेशमी फडक्याने पुसून ठेवलं. अगदी हलक्या हाताने हो.”

कप्पाळ माझं! पाण्याने गेलं, की रेशीम घासल्याने जी वीज तयार होते तिच्याने गेलं, की ओल असताना मी करंट दिला तेव्हा गेलं, देव जाणे. गेलं एवढं खरं. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती गिळली.

“माझ्यामुळे झालं काय, भावजी?”

तेवढ्यात सावंत आत आला. “झालं सुरू?”

वहिनींचा चेहरा पांढराफटक. “अहो, मी ते…”

“नाही चाललं,” मी मध्येच म्हटलं. “नवीन बोर्डाने कार्ड उडवलं. जमलं नाही दोघांचं.”

का बोललो? त्याने त्या बाईला जन्मभर ऐकवलं असतं म्हणून. देवाची पूजा केली आणि त्यानेच घर बुडालं, हे कोणी कसं सोसायचं?

“म्हणजे तू सांगितलेल्या बोर्डाने?”

“हो.”

पुढे सावंत जे बोलला ते लिहीत नाही. मालवणीतल्या सगळ्याच गोष्टी छापण्यासारख्या नसतात.

तरी तसलं कार्ड शोधायला मी घाटकोपर-मुलुंडपर्यंतचे भंगारवाले पालथे घातले. मिळालं नाही. नव्या सिस्टिमचा भाव ऐकून सावंत नुसता हसला. ऑर्डरी परत गेल्या. मशीन वजनावर गेलं. गाळ्यात आता दुसरं कोणीतरी खोके बनवतं आणि सावंत कांदिवलीतच दुसऱ्याच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. वहिनी रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या फूटपाथवर जातात. मला त्यांचा राग येत नाही. म्हणजे, येतो कधीकधी.

एक धडा घेतला. काढलेलं कार्ड आता गिऱ्हाइकाकडे ठेवत नाही, माझ्या बॅगेत ठेवतो. पण इस्टेटने भलताच धडा घेतला. ‘नवीन बोर्ड नको हां, सावंतचं काय झालं माहितीये ना?’ असं म्हणत लोक फुगलेले जुने बोर्ड माझ्यापुढे टाकतात. मी ठिगळं लावून देतो. ही मशीनंही एकेक करून मरणार, मला दिसतंय. समजावायला तोंड उघडलं तर खरं सांगावं लागेल.

परवा एका नवीन गाळ्यातून बोलावणं आलं. मालकीणबाईंनी मला दारातच थांबवून विचारलं, “तुम्हीच ना ते? नवीन बोर्ड लावून सावंतांचं मशीन घालवलंत ते?”

“हो, मीच,” मी म्हटलं. “दाखवा, तुमचं काय बिघडलंय?”