हिरवळीचं पीक

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरी चार मराठी डोकी जमली, की वेस्ट बेच्या टॉवरांतले ऑफिसवाले आपापल्या बॉसची उणीदुणी काढतात. मी गवताचे किस्से काढते! फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीच्या काळात दोह्याबाहेरच्या एका फार्मवर मी सुपरवायझर होते. स्टेडियमसाठी हिरवळ पिकवायचो. वाळवंटात! मग किस्से साचणार नाहीत तर काय?

हिवाळ्यापुरती माणसं यायची, उन्हाळा लागला की परत. त्यातलाच सुदाम, दुष्काळी जतकडचा. पहिल्याच दिवशी बूट काढून अनवाणी हिरवळीत उतरला. सेफ्टीवाला खवळला. सुदाम म्हणाला, "ताई, उभ्या पिकात पायताण घालून कसं जायचं?" दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचेही बूट कडेला ओळीने!

एकदा त्याने विचारलं, "ह्यातनं एकरी काय निघतं?" आमचा ड्रायव्हर दाऊदभाई, पक्का रत्नागिरीकर, त्याला कुठला धीर! "नव्वद मिन्टं फुटबॉल!"

सुदाम काही हसला नाही.

कापलेलं गवत आम्ही फेकून द्यायचो. त्याचा जीव तुटायचा. गुपचूप गोण्या भरून तो शेजारच्या सुदानी शेळीवाल्याला द्यायला लागला, बदल्यात दूध. मॅनेजरला हे कळलं तेव्हा तो त्याच दुधाचा चहा पीत होता. "यल्ला, एक कप और!" खलास, विषय संपला.

मार्चमध्ये मी विचारलं, "उन्हाळ्यात कोण थांबणार? पगार जास्त आहे." कुणी तयार होईना. आदल्या उन्हाळ्यात एकजण उन्हात कोसळला होता. सुदामने हात जोडले. "नगं ताई. पोरगी वाट बघतीया."

पुढच्याच महिन्यात दुपारच्या सुट्टीत त्याच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. चारा संपलाय, दारात व्यापारी उभाय, गाय मागतोय.

"तिला दाव," सुदाम म्हणाला.

स्क्रीनवर गाय आली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. सुदामने ओंजळभर गवत फोनसमोर धरलं. गायीने मान लांब केली. बायको हसता हसता रडायला लागली. "अवो, तिला खरंच वाटतंय!"

"व्यापाऱ्याला च्या दे आन् वाटंला लाव. चारा इकत घे."

"आन् पैसं?"

सुदामने माझ्याकडे बघितलं. "ताई, उन्हाळ्याला मी थांबतो."

"आन् पोरीला काय सांगू?" बायकोने हळूच विचारलं. तिच्यामागून पोरगी आनंदाने ओरडली, "पप्पा, गाय ऱ्हायली!"