सड्यावरचा मासा

आमच्या घरामागची घाटी चढून गेलं की सडा लागतो, नुसतं कातळाचं मैदान. तिथे जमिनीतच दहा-बारा हात लांबीचा मासा कोरलेला आहे. कोणी, कधी, ते कुणाला नीट सांगता येत नाही. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन आले तेव्हा किल्ल्यांची नावं घडाघडा म्हणून सासूबाईंना दमवायची, आणि दर मे महिन्यात त्याच माशावर कोकमाची सालं वाळत घालायची. खोबणीतून रस छान निथळतो, हा शोधही माझाच. कोरीवकाम म्हणजे गुराख्यांचा रिकामा उद्योग, असं माझं विद्वान मत होतं. हुशारी अगदी उतू चालली होती.

आता फोन हातात आल्यापासून गावातली दगडी बाव, देवळाची दीपमाळ, खाडीचा धक्का, सगळ्यांचे फोटो काढत हिंडते. मासा मात्र फोटोत येईना. आणि यंदा दिवाळीनंतर धाकट्या भाऊजींनी सड्यावर आंब्याची कलमं लावायचं ठरवलं. कातळ फोडून खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायचे. खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या फुल्या मारून झाल्या. दोन माशाच्या पोटावर, एक शेपटीवर. यंत्र सोमवारी येणार होतं.

मासा वाचावा म्हणून मी भर दुपारी काढलेला फोटो दाखवला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा तवा आहे की पालथी परात?"

"मासा आहे."

"मग तळा."

खोटं कशाला बोलू, फोटोत खरंच काही दिसत नव्हतं. तीन दिवस वेगवेगळ्या वेळी वर जाऊन बसले तेव्हा उमगलं, की ऊन उतरताना खोबणीत सावली भरते. आणि एवढा मासा उभ्याने मावत नाही, उंची हवी. रविवारी संध्याकाळी भाऊजींनाच रंगकामाची घोडाशिडी घेऊन वर यायला लावलं.

"या वयात पडलात तर दादा मला घरात घेणार नाही."

"शिडी धरा. तुम्ही बोललात की हलते."

पाचव्या पायरीवरून खाली पाहिलं. डोळा, कल्ले, परांच्या रेघा, सगळं शाईनं काढल्यासारखं. त्यावर चुन्याच्या तीन फुल्या. सात फोटो वाया गेले, आठवा आला.

खाली उतरून फोन भाऊजींच्या हातात दिला. ते फोटो मोठा करत शेपटीपर्यंत गेले, परत डोळ्याकडे आले. मग "धरा" म्हणून फोन माझ्याकडे दिला, पाण्याची बाटली उघडली आणि वाकून पोटावरची फुली धुवायला लागले.

"खड्डे बांधाच्या अंगाला घेऊ," म्हणाले. "चार-सहा कलमं कमी बसतील. बसू देत."

सोमवारी यंत्र आलं तेव्हा ते माशाच्या डोक्याशी उभे राहून, हात हलवून चालकाला लांबूनच वळवत होते. फोटो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय, 'आमच्या सड्यावरचा मासा' म्हणून. काढला कोणी, ते लिहायला विसरले. मी एकेकाला फोन करून कळवलं.